डासांच्या अळ्यांवर जीवाणूची पावडर: गोव्यात कोणी वापरली आहे का?

चिरेबंदी (धागाकर्ता)

मंडळी, नमस्कार. मी डिचोली तालुक्यातला. आमच्या वाड्यावर पाऊस लागल्यापासून डेंग्यूचे रुग्ण निघतायत, शेजारच्या पोराला तर सलाईनवर ठेवावं लागलं. धुराचं मशीन आलं, रस्त्याने भसाभसा धूर सोडत गेलं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी जळार, म्हणजे डास, पुन्हा हजर.

वाड्यामागे बंद पडलेली चिऱ्यांची खाण आहे, ती पावसात काठोकाठ भरते. एक वापरात नसलेली बांय, म्हणजे विहीर, आहे. शिवाय रस्त्यालगत अर्धवट सोडलेली इमारत, तिच्या लिफ्टच्या खड्ड्यात बारा महिने पाणी. आमच्या पंचांचं म्हणणं, केमिकल नको, जीवाणूची पावडर मारूया. बीटीआय म्हणतात तिला. माझ्या शंका अशा: बांयीत टाकली तर चालते का? खाणीत मासे आहेत, म्हशी तिथे पाणी पितात, त्यांना काही होणार नाही ना? कितीदा मारायची? आणि मुळात उपयोग होतो का, की फोटो काढून सगळे आपापल्या घरी?

म्हापसेकार

धुराचं नाव काढू नका. पेपरात फोटो मात्र झकास येतो.

सूक्ष्मदर्शी

माझा विषय आहे, त्यामुळे थोडं लांबण लागेल.

पूर्ण नाव बॅसिलस थुरिन्जिएन्सिस इस्राएलेन्सिस. १९७६ साली इस्राएलच्या नेगेव वाळवंटातल्या एका साचलेल्या डबक्यात डासांच्या अळ्या ढिगाने मेलेल्या सापडल्या. योएल मार्गालिथ आणि लिओनार्ड गोल्डबर्ग यांनी तिथला नमुना तपासला, त्यातून हा जीवाणू निघाला. त्याआधी या कुळातले जीवाणू शेतकऱ्यांना माहीत होते ते पतंगांच्या सुरवंटांवरचे. डासांवर इतका जालीम पहिला हाच.

मारतो कसा ते समजून घेतलंत तर पुढचे निम्मे प्रश्न आपोआप सुटतील. हा जीवाणू बीजाणू तयार करताना सोबत प्रथिनांचा एक स्फटिकही बनवतो. पावडरीत असतात ते हे बीजाणू आणि स्फटिक. डासाची अळी तोंडाजवळच्या केसांच्या झुबक्यांनी पाणी ढवळत, जे बारीक कण येतील ते गिळत असते. त्यात स्फटिक पोटात गेला की तिच्या अल्कधर्मी आतड्यात तो विरघळतो, तिच्याच पाचक विकरांनी त्याचं विषात रूपांतर होतं, ते आतड्याच्या पेशींना चिकटतं आणि त्यांना भोकं पाडतं. काही तासांत अळीचं खाणं बंद, साधारण दिवसभरात अळी खलास.

आता तुमच्या म्हशी. म्हशीचं काय किंवा आपलं काय, विष ज्याला चिकटतं ती जागाच आपल्या आतड्याच्या पेशींवर नसते, शिवाय आपल्या जठरात आम्ल. माशांचंही तसंच, त्यांना धोका नाही. पिण्याच्या पाण्याच्या साठ्यात वापरण्याबाबत जागतिक आरोग्य संघटनेने ठरावीक उत्पादनं तपासून हिरवा कंदील दिलेला आहे. 'ठरावीक' हा शब्द मात्र विसरू नका. बाजारातली कुठलीही पुडी पिण्याच्या बांयीत टाकायची नाही.

दोन गोष्टी ती करत नाही. उडणारा डास मारत नाही, आणि कोष मारत नाही. स्वल्पविरामासारखा दिसणारा, टुणटुण उड्या मारणारा कोष काही खातच नाही, मग त्याच्या पोटात विष जाणार कसं? म्हणून आज पावडर मारली तरी उद्या-परवा थोडे डास उडणारच. लोक तेवढ्यावरून 'काही उपयोग नाही' म्हणून पुडी माळ्यावर फेकतात.

पेडण्याची_माय

बीटी म्हणजे ते बीटी वांग्यातलं बीटी ना? त्यावर तर २०१० मध्ये सरकारने स्थगिती आणली होती. आमच्या पाण्यात नको गो बाई ते.

सूक्ष्मदर्शी

ताई, कूळ एक पण भानगड वेगळी. वांग्यात त्या जीवाणूचं जनुक झाडातच घातलेलं असतं. इथे झाडबीड काही नाही, जीवाणूने बनवलेला स्फटिक पाण्यात टाकायचा, बस्स. तोही काही दिवसांत ऊन आणि गाळ यांनी निकामी होतो.

पण तुमच्या शंकेवरून एक महत्त्वाचं सांगायला हवं. शेतीच्या दुकानात जाऊन 'बीटी द्या' म्हटलंत तर बहुतेक वेळा हातात पडेल ते कुर्स्ताकी, म्हणजे कोबी-फ्लॉवरवरच्या अळ्यांचं औषध. डासांच्या अळ्यांवर ते कामाचं नाही. पुडीवर इस्राएलेन्सिस हा शब्द वाचल्याशिवाय पैसे काढू नका. १९६८ च्या कीटकनाशक कायद्याखालचा नोंदणी क्रमांक आणि मुदत संपण्याची तारीख बघा. आपल्या हवेत उघडी पुडी पावसाळ्यात गोळा होऊन बसते, तेव्हा झाकण घट्ट लावून, कोरड्या जागी, सावलीत.

फिरतीवरचा (निवृत्त)

मी घरोघर फिरून पिंपं तपासायच्या कामात आयुष्य काढलं. तेव्हा पुस्तकातलं सूक्ष्मदर्शी बाब सांगतील, मी हातातलं सांगतो.

गोव्याला ही पावडर नवी नाही. ऐंशीच्या दशकाच्या शेवटी पणजीत मलेरिया उसळला तो इमारतींच्या बांधकामांवरून. स्लॅबवर क्युरिंगसाठी, म्हणजे काँक्रीट ओलं ठेवायला, अडवलेलं पाणी, सिमेंटच्या टाक्या, जुन्या बांयी, सगळीकडे अ‍ॅनोफिलीस स्टीफेन्सायच्या अळ्या. हा शहरी डास, स्वच्छ पाण्यातला. त्या काळात मलेरिया संशोधन केंद्राच्या लोकांनी पणजीत या डासावर बॅसिलस स्फेरिकस हा दुसरा जीवाणू वापरून पाहिला. तो अभ्यास १९९४ मध्ये प्रसिद्ध झाला. पुढे बीटीआय आणि आपल्याच पाण्यातला एक चिमुकला मासा, अ‍ॅप्लोकायलस ब्लॉकी, अशी जोडी लावून गोव्यातच चाचणी झाली, ती १९९८ मध्ये छापून आली. डोक्यावर चंदेरी ठिपका असलेले, पृष्ठभागाला चिकटून फिरणारे मासे आपल्या वहाळांत तुम्ही पाहिले असतील, ते याच जातकुळीचे. जिथे मासा टिकतो तिथे मासा, जिथे टिकत नाही तिथे पावडर, असा साधा हिशोब.

आता चिरेबंदी, तुमचं पहिलं काम पावडर आणणं नव्हे. पांढऱ्या रंगाचा, लांब दांड्याचा डोया आणा. खाण, बांय आणि तो खड्डा, तिन्ही ठिकाणी डोया घालून बघा. पाण्यावर स्वतःची सावली पडू द्यायची नाही. सावली पडली की अळ्या सर्रकन खाली जातात आणि माणूस म्हणतो, इथे काही नाही. सावली पडलीच तर दोन-तीन मिनिटं गप्प उभं राहायचं, त्या श्वासाला वर येतातच. मग डोया तिरका धरून काठाकडचं पाणी हळूच घ्यायचं. अळ्या नेहमी काठाला, गवताच्या मुळाशी, तरंगत्या कचऱ्याजवळ. मधलं पाणी घेऊन काही कळत नाही.

डोयातली अळी पाण्याच्या पृष्ठभागाला समांतर, आडवी पडलेली दिसली तर अ‍ॅनोफिलीस, म्हणजे मलेरियावाली. शेपटीची नळी वर आणि डोकं खाली अशी लोंबत असेल तर क्युलेक्स किंवा एडिस. एडिसची नळी आखूड, आणि बॅटरीचा झोत टाकला की नागासारखी वळवळत तळाला पळते. डेंग्यू पसरवते ती ही.

मारायची रीत: आधी थोड्या पाण्यात पावडर कालवायची, गुठळी राहू द्यायची नाही, मग पाणी वाढवून फडक्यातून गाळून पंपात. न गाळता भरलीत तर नोझल तुंबून बसतो आणि अर्धा दिवस तारेने तो टोकरण्यात जातो. पंप मधून मधून हलवायचा, नाहीतर औषध तळाला आणि फवारा नुसत्या पाण्याचा. मात्रा पाकिटावर पाण्याच्या क्षेत्रफळाप्रमाणे दिलेली असते, घाण पाण्याला जास्त लागते. फवारा उन्हं उतरल्यावर, कारण कडक उन्हात त्याचा जोर लवकर जातो. दुसऱ्या दिवशी परत डोया. जिवंत अळ्या दिसल्या तर कुठेतरी चुकलंय. पंधरा दिवसांनी पुन्हा सगळं. आपल्याकडच्या पावसात खड्डा भरून वाहिला तर त्याच्याही आधी.

कुळागरवाला

फोंड्याच्या बाजूची सुपारीची बागायत. आमच्याकडे पावडर कुठे कुठे मारणार? पोफळीची झावळ पडली की तिच्या पोयीत पाणी. उंदराने पोखरलेला नारळ, करवंट्या, अननसाच्या पानांची बेचकी, पंपशेडवर टाकलेल्या निळ्या प्लास्टिकच्या सुरकुत्या. शेजारी सत्तरीकडे रबराचे मळे आहेत, तिथे झाडाझाडाला चीक धरायची वाटी. पावसात चीक काढणं थांबवतात आणि वाट्या तशाच राहतात. दिवसा बागेत गेलं की पायांवर पांढरे पट्टे असलेले ते काळे डास तुटून पडतात.

फिरतीवरचा (निवृत्त)

ते एडिस अल्बोपिक्टस. डेंग्यू, चिकुनगुनिया दोन्ही वाहतो. बागेत पावडरीचा नाद सोडा. वाटी उपडी करणं, करवंटी उपडी करणं, पोय फाडून आळ्यात आच्छादन म्हणून घालणं, याला पर्याय नाही. अंड्यातून डास व्हायला आपल्या हवेत आठ-दहा दिवस लागतात, म्हणून आठवड्यातून एक फेरी. भांडं नुसतं ओतून भागत नाही, आतून घासायला हवं. एडिसची अंडी पाण्याच्या रेषेच्या जरा वर भिंतीला चिकटलेली असतात आणि कोरडी पडली तरी कित्येक महिने जिवंत राहतात. पुन्हा पाणी भरलं की सुरू.

जे ओतता येतं ते ओता. पावडर ओतता न येणाऱ्या पाण्यासाठी.

मांडवीकाठचा

पणजीत राहतो. आमच्या इथल्या गटारातले डास संध्याकाळी ढगासारखे उठतात. त्यात ही पावडर मारली तर?

सूक्ष्मदर्शी

ते बहुतेक क्युलेक्स. डेंग्यू देत नाहीत, हत्तीरोगाचे वाहक, आणि झोपेचं खोबरं करण्यात पटाईत. घाण पाण्यात बीटीआय लवकर थकतो, कण गाळाला चिकटून खाली बसतात. तिथे फिरतीवरच्या काकांनी सांगितलेला स्फेरिकस जास्त टिकतो, मेलेल्या अळ्यांमध्ये तो पुन्हा वाढूही शकतो. आता त्याचं शास्त्रीय नाव लायसिनिबॅसिलस झालंय. एडिस इजिप्तायवर मात्र तो जवळजवळ निकामी, म्हणजे डेंग्यूसाठी आणून उपयोग नाही.

आणि त्याची एक खोट आहे. त्याचं विष एकाच जोडीचं. अळीने तेवढं एक कुलूप बदललं की किल्ली लागत नाही. अशी प्रतिकारशक्ती आलेले क्युलेक्स केरळात कोचीला सापडलेले आहेत. बीटीआयमध्ये चार मुख्य विषं एकत्र असतात, त्यातलं सायट नावाचं प्रथिन बाकीच्यांना हात देतं, म्हणून एवढ्या वर्षांत शेतावर-नदीवर वापरूनही डासांनी त्याला दाद न दिल्याचं फारसं घडलेलं नाही. जर्मनीत ऱ्हाईनच्या काठच्या पूरमैदानांवर ऐंशीच्या दशकापासून हेलिकॉप्टरने मारतात. पश्चिम आफ्रिकेत नदीकाठच्या अंधत्वाचा रोग पसरवणारी काळी माशी टेमेफॉस या रासायनिक अळीनाशकाला दाद देईना, तेव्हा नद्यांत हाच सोडला.

बेडूक_बचाव

छान चाललंय, पण 'सुरक्षित' शब्द जरा जपून वापरा. मासा, बेडूक, मधमाशी यांना थेट काही होत नाही हे मान्य. पण डासांसारखाच दिसणारा, न चावणारा कायरोनोमिड नावाचा किडा असतो, त्याच्या अळ्या जास्त मात्रेत मरतात, आणि बेडकांची पिल्लं, चतुरांच्या अळ्या, पक्षी यांची पोटं त्याच्यावर. ऱ्हाईनकाठी याच मुद्द्यावर वाद चालू आहे. म्हणून चिरेखाणीसारख्या पाण्यात, जिथे पावसात बेडूक अंडी घालतात, उगाच पावडर ओतू नका. तसेही आमचे बेडूक रात्री बॅटऱ्या घेऊन फिरणाऱ्या 'जंपिंग चिकन'वाल्यांच्या, म्हणजे खाण्यासाठी बेडूक पकडणाऱ्यांच्या, तावडीतून वाचले तर पुरे. बंदी असली तरी पहिल्या पावसात कोण ऐकतो?

म्हापसेकार

बेडूक खाऊन वर डासांची तक्रार करायची, याला म्हणतात गोंयकारपण.

साईटवरचा

बांधकामावर सुपरवायझर आहे, म्हणून माझेही दोन शब्द. मजुरांची रक्ततपासणी, आरोग्य कार्ड, पाणी साचलं तर नोटीस आणि दंड, हे आमच्या मागे असतंच, आणि असायलाही हवं. बाहेरून आलेल्या मजुराच्या अंगात मलेरिया आणि त्याच्या उशाशी क्युरिंगचं पाणी, असा योग आमच्याच साईटवर जुळतो. चालू साईटवर आम्ही क्युरिंगला अडवलेलं पाणी आठवड्यातून एकदा पूर्ण सुकवतो, किंवा ओली गोणपाटं घालतो, तेवढ्यावर भागतं. लिफ्टच्या खड्ड्याची गोष्ट वेगळी. तो जमिनीखाली, आत भूजल झिरपतं, उपसला तरी परत भरतो. अंधार असल्यामुळे मासाही धरत नाही. पूर्वी त्यात जळकं ऑईल ओतायचे. ते करू नका, पावसात वाहून शेजारच्या बांयीला वास मारतो, मग सगळा वाडा अंगावर येतो. अशा खड्ड्याला ही पावडर किंवा हळूहळू सुटणारी तिची टिकिया उत्तम. सावली असल्यामुळे उन्हाचा त्रास नाही.

पण साईट बंद पडलेली असली की विचारायचं कोणाला? मालक परदेशात, कंत्राटदार फोन उचलत नाही. आमच्याजवळच्या एका इमारतीत गेटला कुलूप, आत पाणी, बाहेर नोटीस चिकटवलेली. नोटीस भिजून गेली, पाणी तसंच.

चिरेबंदी (धागाकर्ता)

सगळ्यांचे आभार. डोया काही मिळाला नाही, घरातला मोठा पांढरा मग काठीला बांधला. बायकोला तो परत स्वयंपाकघरात नको आहे.

खाण: काठाने सगळीकडे फिरलो, एकही अळी नाही. फिरतीवरच्या काकांनी सांगितलेले ठिपकेवाले मासे काठालाच झुंडीने. म्हणजे आम्ही जिच्या नावाने बोटं मोडत होतो ती खाण निर्दोष. बेडूक_बचाव खूश होतील. बांय: अळ्या आहेत, समोरून बघितल्यावर काही आडव्या, काही लोंबत्या. तिच्यावर बारीक जाळी घालणार आणि खाणीतलेच थोडे मासे सोडणार. लिफ्टचा खड्डा: मग बुडवला आणि अंगावर काटा आला. पाणी काळं दिसत होतं ते अळ्यांमुळे, बॅटरी मारताच सगळं वळवळत खाली. गेटची परवानगी पंचांनी मिळवली, आरोग्य केंद्रातला माणूस बरोबर होता, त्यांच्याच पंपाने पावडर मारली. दुसऱ्या दिवशी तळाशी मेलेल्या अळ्यांचा थर, वर फक्त कोष उड्या मारत होते. सूक्ष्मदर्शी बाबांनी आधीच सांगितलं नसतं तर पंच तिथेच म्हणाले असते, फेल गेलं.

त्या माणसाने सहज म्हणून आजूबाजूच्या घरांत डोकावलं, आणि सगळ्यात जास्त एडिस निघाले ते आजारी पोराच्याच घरी: फ्रिजच्या मागच्या ट्रेमध्ये आणि गच्चीवरच्या मनी प्लांटच्या बाटल्यांत. हे एडिस डास फार लांब उडत नाहीत, शे-दोनशे मीटर, असं तो म्हणाला. घरच्यांना वाईट वाटलं, पण आता तिथे दर रविवारी ट्रे घासतात.

एक अडचण उरली. पंधरा दिवसांचा हिशोब धरला तर पुढची फवारणी बरोबर चवथीत, म्हणजे गणेशचतुर्थीत, येते. तेव्हा वाड्यावर कोणी नसतं. निम्मे लोक आपापल्या मूळ घरी, उरलेले आरत्या आणि घुमट वाजवण्यात. आणि भाड्याच्या खोल्यांना कुलपं, आत बादल्या भरलेल्या.

साईटवरचा

चवथीच्या आधी टिकिया टाका खड्ड्यात. महिनाभर टिकेल असं लिहिलेली मिळते, ऑनलाइन असते पण नोंदणी क्रमांक बघून घ्या. नाहीच मिळाली तर चवथीच्या दोन दिवस आधी फवारून घ्या, लवकर मारली म्हणून बिघडत नाही.

फिरतीवरचा (निवृत्त)

बरोबर. आणि कुलूपबंद खोल्यांचं आधी बघा. जाण्याअगोदर बादल्या, ड्रम उपडे, टाकीचं झाकण घट्ट, कमोडचं झाकण खाली, फ्रिज बंद करून ट्रे कोरडा. हे सामानाच्या यादीसोबत वाड्याच्या व्हॉट्सअ‍ॅपवर टाका. गणपतीच्या माटोळीच्या बाजारात सगळे भेटतील, तिथे तोंडी पण सांगा.

पेडण्याची_माय

चिरेबंदी, ती टिकिया मिळाली तर दुकानाचं नाव मला व्यक्तिगत निरोपात कळवा हं. आमच्या देवळाच्या तळीजवळ एक सिमेंटची टाकी आहे, ती कोणी ओतू देत नाही.